पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहा

माझ्या ताईला फेफरं नाही, हे अखेर सिद्ध झालं. डॉक्टरांनी आधी तोंडी सांगितलं, मग कागदावर छापून, सही-शिक्क्यानिशी हातात दिलं.

आता हे झालंच नाही असं समजा. फार अवघड नाही. आमच्या आईला पहिल्याच दिवशी जमलं. तिने तो कागद घरी आणला, फ्रिजवर ठेवला, त्याच्यावर फुलदाणी ठेवली आणि शेजारणीला म्हणाली, "रिपोर्ट यायचेत अजून."

तर, रिपोर्ट यायचे होते आणि ताई तिकीट खिडकीत बसली होती.

खिडकी जलतरण तलावाची. ताई तिथे पोहायला शिकवायची. काठाच्या दांडीला गोचिडीसारखी चिकटलेली मुलं ती अशी काही बोलून सोडवायची की हात आपणच सोडला या समजुतीत मूल पोहायला लागायचं. मग एक दिवस कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिला आकडी आली. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर तेव्हा जेवत होते. त्यांनी घास न सोडता फेफरं असं निदान केलं आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी आकड्या थांबल्या नाहीत, म्हणून गोळ्या वाढवल्या. मग झोप वाढली, वजन वाढलं आणि आकड्याही वाढल्या. तलावाच्या व्यवस्थापकाने नियम दाखवला: आकडी येणाऱ्याने पाण्यात उतरायचं नाही. नियम बरोबरच होता. त्याने तिला तिकीट खिडकीत बसवलं. मान तिरकी केली की तिथून तलावाचा उथळ कोपरा दिसायचा. ताईची मान कायम तिरकी असायची. आई त्यावर तेल चोळायची.

ताईला परत पाण्यात उतरायचं होतं. तिचं मागणं एवढंच. बाकी सगळं ठरवायला आम्ही घरचे मोकळे होतो, आणि ठरवायचोही.

आमच्या घरात वाक्य पूर्ण करायची पद्धत नाही. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं, तिसऱ्याने त्याचा विषय बदलायचा. पाहुणे दमतात. ताई लहानपणापासून यात मागे पडायची. "मला वाटतं की" इथपर्यंत ती पोचायची, आणि तिला काय वाटतं ते पुढे आम्ही सांगायचो.

आकडीच्या वेळी मात्र आमच्यात शिस्त होती. बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. आग लागलीच तर कुणी कुठल्या दारातून पळायचं, हे ते दर महिन्याला कामगारांना पळवून दाखवतात. कारखान्याला आग लागत नाही, याचं त्यांना मनातून थोडं वाईट वाटतं. ताईच्या आकडीने ती उणीव भरून निघाली. आकडी आली की बाबा टीपॉय उचलून "जागा रिकामी करा!" असं ओरडत तो आणखी अडचणीच्या जागी ठेवायचे. आई ताईचं डोकं मांडीवर घ्यायची. दातांत चमचा घालायला बाबांनी बंदी केली होती, पण आईच्या कमरेला चमचा असायचाच. मी गाद्यांच्या दुकानात विक्रेता आहे, त्यामुळे उशी माझ्याकडे. आणि मामा पंखा पूर्ण वेगात करून, ताईच्या अंगावर ओणवा होऊन, "हवा येऊ द्या! हवा येऊ द्या!" असं सगळ्या हवेच्या वाटेत उभा राहून सांगायचा.

मामा आईचा मोठा भाऊ, आमच्याच घरी राहतो. त्याचे गाडी शिकवायचे क्लासेस आहेत, म्हणजे एक गाडी, एक टेबल, एक फोन. स्वभावाने राजा माणूस, फक्त अधूनमधून हरवतो. बोलता बोलता थांबतो, तोंडात काही नसताना चघळल्यासारखं करतो, शर्टाच्या बटणाशी चाळा करत समोर बघत राहतो. मग "हां, तर काय म्हणत होतो?" म्हणून भलत्याच ठिकाणाहून सुरू करतो. "दादा लहानपणापासून विसरभोळा," असं आई म्हणते. घरात पूर्ण शांतता होण्याचे प्रसंग दोनच: ताईची आकडी आणि मामाचं हरवणं. पहिल्यात आम्ही धावायचो. दुसऱ्यात चहा पिऊन घ्यायचो.

आकड्या थांबेनात, म्हणून शेवटी आम्ही ताईला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टर उंचीने लहान होत्या, पण सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचे. त्यांनी ताईच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि बराच वेळ एकेक पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"प्रत्येक आकडी फेफऱ्याची नसते," त्या म्हणाल्या. "मेंदूत वीज असते. ती एकदम भडकली की जे होतं ते फेफरं. पण कधी कधी वीज ठीक असते आणि तरी शरीर हातातून सुटतं. मनावरचा ताण शरीर आपल्या पद्धतीने बाहेर काढतं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. गोळ्या फक्त पहिल्यावर चालतात."

"मग हिचं कुठलं?" बाबांनी विचारलं.

"बघितल्याशिवाय नाही सांगणार. भरती व्हायचं. डोक्याला वायरी, छताला कॅमेरा, गोळ्या आम्ही इथे हळूहळू कमी करणार, आणि आकडी यायची वाट बघायची."

"म्हणजे आकडी यावी म्हणून दवाखान्यात राहायचं?" आई म्हणाली. "लोक जावी म्हणून राहतात हो."

"ती आधी आली पाहिजे, मग जाईल."

"मॅडम," ताई म्हणाली, "मला वाटतं की..."

"तिला वाटतं की खोली हवेशीर असावी," मामा म्हणाला.

खोली हवेशीर होती. वायरी लावायला एक तरुण मुलगी आली. आम्ही तिचं नाव वायरवाली ठेवलं. तिने ताईच्या केसांत भांग पाडून पाडून, गोंदासारखं काहीतरी लावून एकेक वायर चिकटवली, वर पट्टी गुंडाळली आणि सगळ्या वायरींची एक शेपटी करून यंत्रात खोचली. ताई टेलिफोन एक्स्चेंजसारखी दिसायला लागली.

"नातेवाईक एकच थांबेल," वायरवाली म्हणाली.

"आम्ही एकच आहोत," बाबा म्हणाले. "आमची टीम आहे."

तिने आमच्याकडे बघितलं, वाद घालायचा की जेवायला जायचं याचा विचार केला, आणि गेली. दारातून म्हणाली, "आकडी सुरू झाली की हे बटण दाबायचं. बाकी काही करायचं नाही."

पहिली आकडी दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. आम्ही सगळं केलं. बाबांनी सलाइनचा स्टँड उचलून दारात ठेवला, त्यामुळे धावत आलेली नर्स बाहेरच अडकली. आईने डोकं मांडीवर घेतलं. मी दुकानातून आणलेली, मानेला आधार देणारी उशी लावली. मामाने हवा येऊ दिली. इतकी सफाईदार आकडी आम्ही घरीसुद्धा हाताळली नव्हती. बटण दाबायचं राहिलं.

संध्याकाळी मोठ्या मॅडमनी आम्हाला चित्रफीत दाखवली.

"ही कोण?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आई."

"आईची पाठ. ही?"

"बाबांची."

"आणि ही पट्ट्यापट्ट्यांची?"

"माझी," मी म्हणालो. "शर्ट नवीन आहे."

"पेशंट कुठे आहे?"

आम्ही सगळ्यांनी वाकून शोधलं. एका क्षणी ताईचा डाव्या पायाचा अंगठा दिसत होता. फक्त मामाचा चेहरा कॅमेऱ्याकडे होता, आणि तो छान आला होता.

"वायरींवर मला फेफऱ्याची वीज दिसत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "पण काही खरी फेफरी मेंदूत इतकी खोल असतात की डोक्याच्या वरून कळत नाहीत. त्यामुळे मला बघायला हवं. डोळे उघडे होते की मिटलेले? हातपाय एका लयीत उडत होते, की थांबून थांबून? मान कशी हलत होती? तुम्ही इतक्या वर्षांपासून बघताय. सांगा, डोळे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"उघडे," बाबा म्हणाले.

"मिटलेले," आई म्हणाली.

"एक उघडा," मी म्हणालो, कारण कुटुंबात तडजोड असावी.

खरं म्हणजे आमच्यापैकी कुणीही ताईकडे कधी बघितलंच नव्हतं. कामातून वेळच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरवाली पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ घेऊन आली आणि तिने पलंगापासून चार पावलांवर जमिनीवर आडवी पट्टी मारली. "आकडी आली की सगळे हिच्या मागे. जवळ मी आणि नर्स." बाबा उकिडवे बसून पट्टीवरून बोट फिरवत राहिले. "चांगल्या प्रतीची आहे," ते म्हणाले. त्या क्षणी ते आमच्या बाजूचे राहिले नाहीत.

आणि मग आकडी यायचं नाव घेईना.

आम्ही पट्टीच्या मागे खुर्च्या मांडून, नाटकाची तिसरी घंटा झाल्यासारखे बसून राहिलो. गोळ्या कमी होत गेल्या तशी ताई टवटवीत व्हायला लागली, जे तपासणीच्या दृष्टीने वाईट होतं. ती वायरवालीशी हसून बोलायची. वायरवालीला पोहता येत नव्हतं. "कान पाण्यात बुडले की मला भीती वाटते," ती म्हणाली.

"कान बुडल्याशिवाय तरंगता येत नाही," ताई म्हणाली. "आधी कान द्यायचे पाण्याला. मग..."

"मग पाय मारायचे," बाबा पट्टीच्या मागून म्हणाले. बाबांना पोहता येत नाही.

शेवटी आईचा धीर सुटला. "अगं, इतके दिवस नको नको म्हणताना यायची, आता ये म्हणतोय तर भाव खाते! जरा मनावर घे."

"आई, ती काय बस आहे?" ताई म्हणाली.

त्याच दुपारी मामाने चांगली बातमी आणली. त्याने आणि बाबांनी मिळून ताईसाठी तोडगा काढला होता. पाणी कायमचं सोडायचं. मामाच्या क्लासेसमध्ये टेबल रिकामं आहे. ताईने फोन घ्यायचा, वेळा द्यायच्या. सावली आहे, पंखा आहे, खुर्चीला हात आहेत, म्हणजे पडणार नाही. तलावाच्या व्यवस्थापकाला बाबांनी फोन करून तसं कळवूनही टाकलं होतं.

"कळवलंसुद्धा?" ताई म्हणाली.

"तुझ्यासाठीच गं," आई म्हणाली.

"फोनचा रंग तू निवड," मामा म्हणाला.

ताईने मान तिरकी केली. तिथे खिडकी नव्हती, कपाट होतं. ती "बरं" म्हणाली, आडवी झाली, आणि आकडी आली.

मी बटण दाबलं. वायरवाली आणि नर्स धावत आल्या. आम्ही चौघं उठलो, पट्टीपर्यंत गेलो आणि थांबलो. आईचा हात कमरेच्या चमच्यावर होता. बाबांनी तिचा दंड धरला होता, तिला अडवायला की स्वतःला आधार म्हणून, कळायला मार्ग नव्हता.

करायला काहीच नव्हतं, त्यामुळे बघावं लागलं.

ताईचे डोळे मिटलेले होते. नुसते मिटलेले नाही, घट्ट. नर्सने हलकेच पापणी उचलायला बोट लावलं तर ती आणखी आवळली गेली. मान "नाही, नाही" म्हटल्यासारखी डावीकडून उजवीकडे जात होती. हातपाय उडायचे, थांबायचे, पुन्हा वेगळ्याच तऱ्हेने उडायचे. ते खूप वेळ चाललं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं.

वायरवाली तिच्याजवळ वाकून शांतपणे म्हणाली, "मी इथेच आहे. तुला काही होणार नाही. एक शब्द लक्षात ठेव. जिराफ."

"जिराफ का?" मामा कुजबुजला.

"गप्प बस ना दादा," आई म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आकडी ओसरली. ताईने डोळे उघडले. वायरवालीने विचारलं, "मी तुला काही सांगितलं होतं?"

"जिराफ," ताई म्हणाली. मग आमच्याकडे बघून, थकलेल्या आवाजात, "तुम्ही इतके लांब का उभे आहात?"

मोठ्या मॅडमनी या वेळी सगळं नीट बघितलं. आम्हाला खोलीतच बसवून त्या म्हणाल्या, "हे फेफरं नाही. आकडी चालू असताना मेंदूची वीज जागेपणीची, अगदी नेहमीसारखी आहे. डोळे घट्ट मिटलेले, मान दोन्ही बाजूंना, हालचाल थांबून थांबून. यातल्या एका खुणेवर मी काही बोलले नसते. सगळं मिळून सांगतेय. मनाच्या ताणातून येणाऱ्या आकड्या. गोळ्या बंद होतील. उपचार बोलण्याचा आहे. त्यासाठी आमच्याकडे एक बाई आहेत."

"पण तिला जिराफ आठवला!" आई म्हणाली. "म्हणजे तिला सगळं कळत होतं?"

"मला ऐकू येत होतं," ताई म्हणाली. "पाण्याखाली असताना काठावरची माणसं बोलतात ना, तसं. आवाज येतो. पण तुम्हाला तिथून उत्तर..."

"म्हणजे नाटक!" मामा उभा राहिला. तो चिडला नव्हता, दुखावला होता. "मी इतकी वर्षं हवा येऊ देतोय आणि ही..."

"नाटक करणाऱ्याला नाटक थांबवता येतं," मॅडम म्हणाल्या. "तिला येत नाही. ती मुद्दाम करत नाहीये. आकडी खरी आहे. कारण वेगळं आहे."

ताई भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटतं, सगळ्या आकड्यांपेक्षा तिला त्या एका शब्दाचीच भीती होती. आणि तो घरच्या माणसाने, हवा येऊ देणाऱ्या माणसाने वापरला होता.

"बरं, नाटक नाही," मामा म्हणाला, "पण मला एक सांगा डॉक्टर, आम्ही रात्रंदिवस हिच्यासाठी, म्हणजे ही मुलगी आम्हाला..."

आणि हरवला.

आम्ही सवयीने थांबलो. बाबांनी चहाचा कप उचलला. मामा समोर बघत होता, तोंड चघळत होतं, बोटं बटणाशी खेळत होती. मॅडमनी मात्र चहा घेतला नाही. त्या उठून मामाच्या समोर गेल्या, त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. डोळे सताड उघडे, पण कुणाकडेच बघत नव्हते.

"काका, एक शब्द लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "बादली."

वायरवाली दारातून म्हणाली, "मॅडम, पहिल्या चित्रफितीतपण यांचं असंच झालंय. पेशंट दिसत नव्हता म्हणून मी यांनाच बघत होते."

थोड्या वेळाने मामाने डोळे मिचकावले. "हां, तर पेट्रोलचं काय म्हणत होतो?"

"मी तुम्हाला एक शब्द सांगितला," मॅडम म्हणाल्या.

मामाने विनयाने आठवून बघितलं. "जिराफ?"

"हे नेहमी होतं?" मॅडमनी आम्हाला विचारलं.

"छे छे, हे काही नाही," आई म्हणाली. "दादा हरवतो. रोज थोडीच? आठवड्यातून दोनतीनदा."

"काय करतात हे?"

"गाडी शिकवतो," मामा अभिमानाने म्हणाला. "माझी मुलं पहिल्या फटक्यात पास होतात. ऐन वळणावर मी काही बोलत नाही. त्यांचं त्यांना सांभाळावं लागतं."

खोलीत तिसऱ्या प्रकारची शांतता पसरली.

पुढच्या आठवड्यात मामाच्या डोक्याला वायरी लागल्या. मेंदूचं चित्र काढणं, रक्त तपासणं, सगळं झालं. मेंदूच्या एका बाजूला, कानाच्या वरच्या भागात, वीज भडकत होती. फेफरं. लहानपणापासूनचं असावं. गोळ्या आजपासून, आणि फेफरं आटोक्यात येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, शेजारच्या सीटवरूनसुद्धा नाही.

आईने दोन्ही कागद दोन हातांत धरले. "म्हणजे जिला आकड्या येतात तिला फेफरं नाही, आणि ज्याला आकडी येत नाही त्याला आहे?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"मग पुन्हा तपासा. कागद बदललेत."

तिथून आपण फ्रिजवरच्या फुलदाणीपाशी येतो. तिच्याखाली आता दोन कागद आहेत आणि ती जरा कलते.

घरात सध्या असं चाललं आहे. क्लासेसमधल्या टेबलाशी मामा बसतो. फोन घेतो, वेळा देतो. सावली आहे, पंखा आहे, खुर्चीला हात आहेत. गाडी शिकवायला त्याने एक माणूस ठेवला आहे आणि त्याच्याबद्दल "फार बोलतो" अशी मामाची तक्रार आहे. मामाला गोळ्या आवडत नाहीत. "मला काय धाड भरलीय?" असं तो रोज म्हणतो आणि गोळी जिभेखाली ठेवून आई वळायची वाट बघतो. आई वळत नाही. मग तो गिळतो. त्याला हवंय बोलणं. ताईला बोलण्याच्या बाईंकडे पाठवतात हे कळल्यापासून त्याला झोप नाही. "तासभर समोर बसून नुसतं ऐकतात? मधे बोलत नाहीत? आणि हे हिला दिलंय, मला नाही?"

ताईचं उलटं. बोलण्याच्या बाईंसमोर पहिल्या वेळी ती अख्खा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. बाईंनी घाई केली नाही. दुसऱ्या वेळी ती "मला वाटतं की" म्हणाली आणि थांबली, कारण पुढचं कुणीतरी बोलेल अशी तिला सवय. कुणीच बोललं नाही. तिने घरी येऊन मला सांगितलं, "इतकी भीती मला खोल पाण्यात कधी वाटली नव्हती. त्यापेक्षा गोळी बरी रे. गिळली की संपलं."

"मग त्या वाक्याचं काय झालं?"

"अजून चालू आहे."

मामाने तिची माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. एके संध्याकाळी तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मला तो शब्द आठवतच नाही गं. बादली. सांगितलाय म्हणतात. तुला तुझा आठवतो, तर म्हणे नाटक, आणि मला आठवत नाही तर म्हणे आजार. माणसाने करायचं काय?"

ताई हसली. "पाण्याखाली कसं वाटतं?" तिने विचारलं.

"मी कुठे असतो पाण्याखाली? मी नसतोच."

मग दोघं बराच वेळ गप्प बसले आणि आम्ही कुणी मधे बोललो नाही, कारण दोघांपैकी कोणाचं काय चालू आहे ते कळेना.

मागच्या रविवारी बाबांनी विषय काढला. तलावाच्या व्यवस्थापकाने मॅडमचं पत्र वाचून सांगितलं होतं: ताईने उथळ भागात, कमरेइतक्या पाण्यात उतरायला हरकत नाही, पण दुसरा प्रशिक्षक हाताच्या अंतरावर हवा. एकटीने नाही, खोल पाण्यात नाही, पुढचं पुढे बघू. बाबांचं मत, आणखी सहा महिने थांबावं. आईचं मत, वर्ष. मी मधला आकडा काढत होतो.

"मला वाटतं की," ताई म्हणाली.

"तिला वाटतं..." आई म्हणाली.

ताईने दोन्ही तळवे जमिनीवर घट्ट टेकवले. हे बाईंनी शिकवलंय. तिची मान हलायला लागली होती. ती सावकाश खाली बसली, आणि बसता बसता, दात आवळून म्हणाली, "मी. सोमवारी. पाण्यात. उतरणार आहे."

मग आकडी आली.

बाबा उठले, पण टीपॉयकडे गेले नाहीत. आमच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर आता एक पिवळी पट्टी आहे. त्यांनीच कारखान्यातून रीळ आणलं. आम्ही चौघं तिच्या मागे ओळीने उभे राहिलो. आईने लांबूनच सांगितलं, "आम्ही इथेच आहोत गं. तुला काही होणार नाही." पुढे काय म्हणायचं ते तिला आठवेना, म्हणून म्हणाली, "जिराफ." पंखा नेहमीच्याच वेगात होता. नेहमीपेक्षा लवकर संपलं, असं मला वाटलं. पण मी पूर्वी कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे माझं मत धरू नये.

सोमवारी ती उतरली. कमरेइतक्या पाण्यात, दुसरा प्रशिक्षक हाताच्या अंतरावर. आम्हाला काठावर यायला बंदी होती, म्हणून आम्ही तिकीट खिडकीत माना तिरक्या करून उभे होतो. दांडीला एक मूल चिकटलेलं होतं. ताई त्याच्याशी काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. वाक्य बरंच मोठं होतं.

तिथून येताना मामाने मला अर्ज लिहायला सांगितला. मजकूर त्याचा आणि ताईचा, अक्षर माझं. तो इस्पितळाच्या आवक विभागात दिला आहे आणि पोच घेतली आहे.

प्रति, माननीय वैद्यकीय अधीक्षक.

विषय: एकाच कुटुंबातील दोन निदानांची आपापसात अदलाबदल करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, अर्जदार क्रमांक एक (भाची) यांना गोळ्या घेण्याचा दीर्घ अनुभव असून बोलण्याचा नाही. अर्जदार क्रमांक दोन (मामा) यांना बोलण्याचा दीर्घ अनुभव असून गोळ्या घेण्याचा नाही. तरी अर्जदार क्रमांक दोन यांचे फेफरे अर्जदार क्रमांक एक यांच्या नावे वर्ग करून, त्या बदल्यात अर्जदार क्रमांक एक यांचे बोलणे अर्जदार क्रमांक दोन यांना देण्यात यावे. वाहन चालविण्याचा परवाना व पाण्यात उतरण्याची परवानगी मात्र ज्याची त्याच्याकडेच ठेवण्यात यावी. सदर अदलाबदलीस दोन्ही पक्षांची व पिवळ्या पट्टीच्या मागे उभ्या असलेल्या सर्वांची संमती आहे. तसेच अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास, अर्जदार क्रमांक एक यांचे म्हणणे अजून पूर्ण झालेले नसल्याने, ते पूर्ण होईपर्यंत निर्णय राखून ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.